मुळशीचे सेनापती आणि मावळ्यांची शिदोरी

भोकरदनच्या काठाने वाहणारी केळणा पुढे पूर्णेला मिळते. पूर्णेच्या खोऱ्यातील वाळूच्या बेकायदा उपशाच्या बातम्या जालना जिल्ह्यातील वाचकाला आता नवीन राहिलेल्या नाहीत. महसूल पथकाने पकडलेली वाहने, पथकाशी झालेली झटापट, दंडाच्या नोटिसा हे सारे त्यांत असते. मात्र तहसील कार्यालयात पहिला अर्ज देणारा शेतकरी बहुधा या बातम्यांतून वगळलेला असतो. नदीतील वाळू गेली की आपल्या विहिरीचे पाणी खोल जाते, एवढेच त्याला ठाऊक असते आणि तेवढ्यासाठीच तो अर्ज देतो. त्यानंतर कोणी दाराशी येऊन समज देऊन गेले, तर त्याने काय करावे? वकिलाची फी, तारखेला जाण्याचे एसटीचे भाडे, बुडालेला रोज, प्रसंगी काही दिवस गाव सोडून राहण्याची सोय, हा सगळा खर्च त्याच्या एकट्याच्या खिशाला झेपणारा नसतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो शंभर वर्षांपूर्वी, सह्याद्रीच्या कुशीतील मुळशी पेट्यात. ज्या लढ्यात तो आला, त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट या पारनेरच्या गृहस्थाला सेनापती ही पदवी दिली. क्रांतिकारक, सत्याग्रही आणि संयुक्त महाराष्ट्राचे वडीलधारे नेते म्हणून बापट सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या आयुष्यात पैशाचा धागाही सतत डोकावतो. हाती आलेला, हातचा गेलेला आणि ऐन लढ्यात कमी पडलेला हा पैसा होता. चरित्रकारांचे तिकडे सहसा लक्ष जात नाही.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची स्थिती बेताची होती, पण मुलगा बुद्धिमान होता. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले. पुढे मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाल्याने १९०४ मध्ये ते यंत्रशास्त्राच्या अभ्यासासाठी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले. तेथे ब्रिटिश राजवटीवर टीका करणारे भाषण त्यांनी जाहीरपणे केले आणि शिष्यवृत्ती बंद झाली. पंचविशीतील हा विद्यार्थी परक्या देशात एका दिवसात निराधार झाला. बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी दर वेळी लाठी उगारावी लागत नाही, त्याची रसद तोडली तरी पुरते, हा धडा त्यांना तेथेच मिळाला असावा.

त्याच सुमारास लंडनमध्ये पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली इंडिया हाऊस उघडले होते. सरकारी चाकरी न करण्याच्या अटीवर हिंदी तरुणांना शिष्यवृत्त्या देण्याची श्यामजींची योजना होती. इंग्रज सरकारच्या मर्जीवर अवलंबून नसलेला पैसा त्यामुळे तरुणांच्या हाती येऊ लागला. बापट या वर्तुळात आले. सावरकरांशी त्यांचा स्नेह जडला. पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून त्यांनी बाँब तयार करण्याची कृती मिळवली आणि १९०८ मध्ये ते मायदेशी परतले. अलीपूर बाँब कटाची धरपकड सुरू झाल्यावर त्यांना अज्ञातवासात जावे लागले. १९१२ मध्ये ते पोलिसांच्या हाती लागले आणि १९१५ पर्यंत पुन्हा मोकळे झाले.

अज्ञातवासातील भटकंतीने बापटांना बदलून टाकले. आपण परक्या सत्तेखाली आहोत याचीच देशातील असंख्य लोकांना जाणीव नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. बाँबची कृती जाणणारा हा माणूस मग पहाटे झाडू घेऊन रस्ते झाडू लागला. पुण्यात वृत्तपत्रांत नोकरी, ज्ञानकोशकार केतकरांकडे काम आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक स्वच्छता, असा त्यांचा क्रम होता. १९२० मध्ये मुंबईच्या मेहतर कामगारांनी संप केला तेव्हा बापट त्यांच्यासाठी उभे राहिले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. अंदमानात खितपत पडलेल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी त्यांनी राजबंदी मुक्ती मंडळ काढले आणि सह्या गोळा करण्याची मोहीम चालवली. तुरुंगात गेलेल्या माणसाचा बाहेरच्या समाजाला विसर पडू नये, यासाठीची ही धडपड होती. तिच्याकडे जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेले नाही.

मुळशीचे प्रकरण तोवर तापू लागले होते.

पुण्याच्या पश्चिमेला नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधायचे, पाणी घाटमाथ्यावरून कोकणात भिरा येथे सोडायचे आणि त्या पडत्या पाण्यावर वीज करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. लोणावळ्याच्या पाण्यावर खोपोलीला वीज तयार होऊ लागल्याला पाच-सहा वर्षेच झाली होती. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला आणखी वीज हवी होती. धरणाखाली सुमारे पन्नास गावे जाणार होती आणि विस्थापित होणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या घरात होती. आंबेमोहोर पिकवणारी ही खाचरे म्हणजे मावळ्यांचे सर्वस्व होते.

जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीच्या माणसांनी शेतांत चाचणीचे चर खणायला सुरुवात केली. आपल्या शेतात खणू नका, असे सांगायला गेलेल्या एका शेतकऱ्यावर कंपनीच्या गोऱ्या अभियंत्याने पिस्तूल रोखले, अशी त्या लढ्याच्या हकिकतींत नोंद आहे. शेतकरी निःशस्त्र होता आणि उभा स्वतःच्या शेतात होता. ही वार्ता पसरली आणि पुण्यात खळबळ उडाली. मुळशीचा लढा पुढे अनेक वळणे घेत गेला, पण त्याची सुरुवात जमिनीच्या मोबदल्यावरून झाली नव्हती, ती या धमकीवरून झाली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. त्यांत बायका होत्या, मुले होती. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आणि बापट ही नेतेमंडळी बरोबर होती. काम थांबले. गांधीजींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त या प्रश्नावर लिहिले आणि कायद्याने हाती आलेल्या अधिकाराचा गरिबांवर वापर करण्यापूर्वी टाटांनी विचार करावा, अशा आशयाचे आवाहन केले. कंपनीने सहा महिने काम स्थगित ठेवण्याचे मान्य केले. निःशस्त्र शेतकऱ्यांपुढे एवढ्या मोठ्या भांडवलाला माघार घ्यावी लागली, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

परंतु ही माघार तात्पुरती होती. मुंबई सरकारने भूमिसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला. त्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा संघर्षाची चिन्हे दिसू लागली आणि १९२२ मध्ये सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले. या वेळी सरकार कंपनीच्या पाठीशी उघडपणे उभे होते. शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले. बापटांना आधी सहा महिन्यांची शिक्षा झाली, सुटून आल्यावर पुन्हा झाली.

तुरुंगाबाहेर जे घडत होते त्याहून तुरुंगात घडले ते अधिक भयंकर होते. १९२३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात काम करण्यास नकार देणाऱ्या मुळशीच्या कैद्यांना फटके मारण्यात आले. योगायोगाने गांधीजी त्याच तुरुंगात शिक्षा भोगत होते. त्यांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांशी आणि थेट गव्हर्नरांशी पत्रव्यवहार केला आणि दास्ताने व देव या सत्याग्रही कैद्यांना भेटू देण्याची मागणी केली. ती भेट झाली आणि त्यानंतर फटक्यांच्या शिक्षेवर काहीसे निर्बंध आले. गांधीजी दुसऱ्या एखाद्या तुरुंगात असते, तर त्या कैद्यांची दाद कोणापर्यंत पोहोचली असती, याचा अंदाज करणे कठीण नाही. मुळशीच्या कैद्यांना मिळालेले संरक्षण एका मोठ्या माणसाच्या शेजारामुळे मिळाले. ते देण्याची कोणतीही व्यवस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती.

मुळशी हरले ते या फटक्यांमुळे, असे मात्र म्हणता येत नाही. पेट्यातील बरीच जमीन कागदोपत्री पुण्यातील सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावे होती. कसणारा मावळा बहुतेक ठिकाणी कूळ होता. जमीन गेली तर कुळाचे सारे जाणार होते, सावकाराला मात्र तिची किंमत मिळणार होती. त्यामुळे सुरुवातीला लढ्याच्या बाजूने बोलणारा सावकारवर्ग मोबदल्याचे आकडे पुढे आल्यावर मागे सरला. मोबदला जमीनमालकांना मिळाला, कुळे कोरडी राहिली. लढ्याला पैसा पुरवू शकणारे हात आणि लढ्याच्या अपयशातून पैसा मिळणारे हात एकच होते, ही मुळशीची खरी शोकांतिका आहे.

अशा वेळी मावळ्याने काय करायचे होते? सत्याग्रहात बसायचे तर भाताची लावणी चुकते. तुरुंगात जायचे तर घरी बायको-पोरे उघड्यावर पडतात. पुण्याहून आलेला कार्यकर्ता शिक्षा भोगून पुण्याला परतला की त्याचे स्वागत होते. मावळा परततो तेव्हा त्याच्या खाचरात पाणी चढलेले असते. बहुसंख्य बाधितांनी मोबदला स्वीकारला आहे, या कारणाने पुढे गांधीजींनीही लढा चालू ठेवण्यास अनुकूलता दाखवली नाही. बापटांच्या मार्गाविषयी त्यांना शंका होतीच.

ती शंका निराधार नव्हती. बापटांनी शुद्ध सत्याग्रह या नावाने स्वतःची वेगळी कल्पना मांडली होती आणि तीत शस्त्राला पूर्ण मज्जाव नव्हता. १९२४ च्या अखेरीस त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाच्या रेल्वेमार्गावर दगड टाकून गाडी अडवली आणि मग पळून न जाता ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. सात वर्षांची शिक्षा झाली. हा प्रकार समर्थनीय होता, असे आज कोणी म्हणणार नाही. पण तीन वर्षे शांततेने बसलेल्यांच्या पदरात काय पडले, हे पाहिल्याशिवाय त्याचा न्याय करणेही एकांगी ठरेल. मूठभरांच्या या कृतीने लढ्याला बळ मिळाले नाही आणि सरकारला कठोर होण्यास आयते निमित्त मिळाले, हेही तितकेच खरे. १९२७ मध्ये भिऱ्याला वीजनिर्मिती सुरू झाली तेव्हा सेनापती तुरुंगात होते.

१९३१ मध्ये ते सुटले. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, पण भाषणांबद्दल पुन्हा दीर्घ शिक्षा झाली आणि १९३७ मध्येच ते मोकळे झाले. मुळशीपासून मोजले तर चाळिशी आणि पन्नाशीतील बहुतेक वर्षे त्यांनी गजाआड काढली.

सुटकेनंतर वर्ष-दीड वर्षातच त्यांची वाट मराठवाड्याकडे वळली. भोकरदन, जालना, औरंगाबाद हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे सभा, संघटना, वृत्तपत्र यांवर कडक बंधने होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी घालण्यात आली आणि स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी सत्याग्रहात उतरले. १९३८-३९ च्या हैदराबाद सत्याग्रहात संस्थानाबाहेरून आलेल्या सत्याग्रहींत साठीला टेकलेले सेनापती होते. संस्थानातील रयतेला आपले गाऱ्हाणे मांडण्याची कायदेशीर जागाच नसल्याने बाहेरून येणाऱ्या माणसांचे आणि मदतीचे मोल मोठे होते. मराठवाड्याला ते मुक्त होण्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावे लागले.

दूरवरच्या कार्यासाठी पदरचे द्यायचे, ही गोष्ट भोकरदनला तशी परकी नाही. प्राचीन काळी भोगवर्धन या नावाने हे गाव ओळखले जाई आणि सांची व भारहूत येथील स्तूपांच्या कोरीव लेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. शेकडो मैलांवरच्या स्तूपासाठी येथील लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी दान धाडले होते.

स्वातंत्र्य मिळाल्यावरही बापट स्वस्थ बसले नाहीत. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे यांच्याबरोबर गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींच्या तुकडीत ते होते. वय ७४ होते आणि समोर पोर्तुगीज पोलीस होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते आघाडीवर राहिले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुळशीचे नाव नंतरच्या काळात अभ्यासकांनी पुन्हा उजेडात आणले. राजेंद्र व्होरा यांनी मराठीत आणि इंग्रजीत या सत्याग्रहाचा सविस्तर इतिहास लिहिला आणि जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हणून त्याची ओळख करून दिली. बापटांच्या काळी ज्याला नाव नव्हते त्या कामाला आता पर्यावरण रक्षण म्हणतात, आणि ते करणाऱ्या गावकऱ्यांवरील हल्ल्यांची जगभर मोजदाद होते. ग्लोबल विटनेस या संस्थेने २०२३ या एका वर्षात जगात अशा १९६ जणांच्या हत्यांची नोंद केली. २०१२ पासूनची तिची बेरीज त्या वर्षाअखेर २१०० च्या पुढे गेली होती. नोंद न झालेल्या धमक्या यात धरलेल्याच नाहीत.

मदतीची व्यवस्थाही थोडीफार आकाराला आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९९८ रोजी मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या तेराव्या कलमात या कामासाठी निधी मागण्याचा, स्वीकारण्याचा आणि वापरण्याचा हक्क मान्य करण्यात आला. डब्लिन येथे २००१ मध्ये स्थापन झालेली फ्रंट लाइन डिफेंडर्स ही संस्था धोक्यात असलेल्या कार्यकर्त्यांना छोटी अनुदाने देते. घराला मजबूत दार, कायदेशीर मदत, औषधोपचार, काही काळ सुरक्षित ठिकाणी राहणे अशा बाबींसाठी ती वापरली जातात. लॅटिन अमेरिकेतील देशांचा एस्काझू करार २०२१ मध्ये लागू झाला आणि पर्यावरण रक्षकांच्या सुरक्षेची जबाबदारी त्याने सरकारांवर टाकली.

भारतात मात्र बाहेरचा पैसा गावापर्यंत पोहोचणे अवघड आहे. परकीय अंशदान नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई केली. मोठ्या शहरातील नोंदणीकृत संस्थेने निधी घ्यावा आणि तालुक्याच्या छोट्या गटाला द्यावा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. परदेशी पैशावर देखरेख हवी, याविषयी दुमत नाही. पण त्या चाळणीत सर्वांत आधी अडकतो तो सर्वांत लहान. देशांतर्गत आधार म्हणून साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तिला मान्यता दिली आणि प्रत्येक राज्यात त्यासाठी स्वतंत्र निधी असावा, अशी तीत तरतूद आहे. तथापि ही योजना गुन्ह्याच्या तपासातील किंवा खटल्यातील साक्षीदारासाठी आहे. ज्याची तक्रार अद्याप तपासापर्यंत पोहोचलेलीच नाही, त्या अर्जदाराला तिचा आडोसा मिळत नाही.

मुळशीला लागून असलेल्या मावळातच याची कटू प्रचिती आली. जमीन व्यवहारांतील गैरप्रकार माहितीच्या अधिकारातून उघड करणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे दिवसाढवळ्या हत्या झाली. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवना धरणाच्या जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा बळी गेला. पाणी पुन्हा शहराकडेच चालले होते.

बापटांच्या हयातीत यातले काहीच उपलब्ध नव्हते. सहीपत्रके, वृत्तपत्रांतील निवेदने, भजने गात काढलेल्या फेऱ्या आणि स्वतःचा देह एवढीच त्यांची साधने होती. राजबंद्यांसाठी त्यांनी मंडळ काढले, मेहतरांसाठी ते उभे राहिले. मुळशीच्या कुळांच्या मागे मात्र लढा संपेपर्यंत टिकेल असा आधार उभा राहू शकला नाही. तो दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे. पुणे-मुंबईच्या सुशिक्षित समाजाला विजेचे दिवे हवे होते आणि मावळ्यांविषयी सहानुभूतीही होती. दोन्ही एकदम परवडेनासे झाले तेव्हा त्याने काय निवडले, हे भिऱ्याच्या वीजगृहाकडे पाहिल्यावर कळते.

मुळशीचे पाणी आजही घाट उतरून भिऱ्याला जाते. पुण्यात आणि मुंबईत सेनापतींच्या नावाचे रस्ते आहेत. मुंबईतील सेनापती बापट मार्ग लोअर परळहून पश्चिम रेल्वेच्या कडेने दादर-माहीमकडे जातो, ज्या गिरण्यांसाठी आणि रेल्वेसाठी मुळशीची वीज हवी होती, त्यांच्याच परिसरातून.